मधुमेह टाळण्यासाठी गावात गट चालवायचा तर: तेलाच्या डब्यापासून सुरुवात

मधुमेह-जागृतीच्या कार्यक्रमांचा खान्देशात तुटवडा नाही. शाळेच्या पटांगणात मंडप, तासभर भाषण, रांगेत बोटाला टोचून साखर तपासणी आणि शेवटी दोन चमचे साखरेचा चहा अन् बिस्किटं. सहा महिन्यांनी त्याच घरांत गेलं तर शेवभाजीवरचा तवंग तेवढाच दिसतो. लोक ऐकत नाहीत हे याचं कारण नाही, क्रम चुकतो हे आहे. तपासणी आधी होते, पुढचा रस्ता नंतर शोधला जातो. भाषण पुरुष ऐकतात, फोडणी बायका घालतात, किराणा तिसराच कुणी भरतो. आणि घरात आज किती तेल-साखर संपते हे न मोजताच ‘कमी करा’ असं सांगितलं जातं.

हा लेख आशाताई, बचत गट, शिक्षक, तरुण मंडळं आणि गावात असं काम अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना मधुमेह झालेला नाही किंवा जे काठावर आहेत, अशा घरांसाठी हे टप्पे आहेत. ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनाही गटात घ्या, पण त्यांच्या गोळ्या-इन्सुलिनबद्दल गटात एक शब्दही बोलू नका. ते काम डॉक्टरांचं.

टप्पा १: आधी पुढचं दार ठरवा

ग्लुकोमीटर विकत घेण्याआधी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, जाऊन समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाबाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भागच आहे. त्यामुळे तुम्ही वेगळं काही मागत नाही आहात. तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या:

१. उपाशीपोटी शिरेतून रक्त कुठे घेतात, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत?
२. अहवाल कुणाच्या हातात येतो आणि किती दिवसांनी?
३. साखर खूप वाढलेली निघाली तर त्याच दिवशी माणसाला कुठे पाठवायचं?

ही उत्तरं हातात नसतील तर तपासणी पुढे ढकला. ‘तुमची साखर १८० आहे’ एवढंच सांगून माणसाला घरी धाडलं की तो एक तर घाबरून काढे सुरू करतो, नाही तर पुन्हा तुमच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

टप्पा २: गट, वेळ, सामान

दहा-बारा घरांचा गट पुरे. प्रत्येक घरातून दोन माणसं हवीत: स्वयंपाक करणारी आणि किराणा भरणारी. दुसरं माणूस बरेचदा सासूबाई किंवा घरातले दादा असतात, आणि नेमकं तेच सुटतं. सुनेला तेल कमी करायला सांगितलं आणि सासूबाईंना काहीच कळवलं नाही, तर भांडण तिच्या वाट्याला येतं.

हंगाम बघा. कापूस वेचणी चालू असताना गट सुरू करू नका, कुणी येणार नाही. जानेवारीच्या शेवटी सुरू केलेला गट बरा चालतो. हातात थोडा वेळ असतो, भाज्या भरपूर असतात, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) व लग्नसराई यायच्या आत लोकांचा हात बसलेला असतो.

बैठक आठवड्यातून एकदा, पाऊण तास. जागा अशी निवडा की गावातल्या सगळ्या वस्त्यांतल्या बायका संकोच न करता येतील. अंगणवाडी बहुतेक वेळा मंदिराच्या सभामंडपापेक्षा सोयीची पडते. बोली त्यांची ठेवा. ‘आहारातील शर्करेचे प्रमाण’ म्हणण्यापेक्षा ‘चहामा साखर कितली?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. रावेर-यावलकडे लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिली बोलणारं माणूस सोबत हवं.

सामान: ५ किलोपर्यंतचा डिजिटल स्वयंपाकघरी काटा, माणसांचा वजनकाटा, न ताणणारी मोजपट्टी, २०० मिलीचं खुणांचं माप, ५ मिलीचा सपाट चमचा, घरटी एक वही. शिंप्याची जुनी कापडी पट्टी नको, ती ताणली जाते आणि दोन-तीन सेंटिमीटर सहज खाऊन टाकते.

टप्पा ३: जोखीम काढा

सुईआधी प्रश्न. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने बनवलेली भारतीय मधुमेह जोखीम गुणपद्धत चार प्रश्नांत उरकते:

– वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० आणि पुढे ३०.
– कंबर: बाईची ८० सेंटिमीटरच्या आत किंवा पुरुषाची ९० च्या आत असेल तर ०. बाई ८० ते ८९, पुरुष ९० ते ९९ असेल तर १०. त्यापुढे २०.
– हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
– आई-वडील: कुणालाच मधुमेह नाही ०, एकाला १०, दोघांना २०.

बेरीज ६० किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी, ३० ते ५० मध्यम. आशाताईंच्या तक्त्याची गुणपद्धत वेगळी आहे, त्यात ४ च्या वर गेलं की तपासणीला प्राधान्य. दोन्ही तक्ते एका वहीत मिसळू नका.

कंबर मोजण्यात सर्वांत जास्त चुका होतात. पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी जिथे बांधतात ती जागा कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि ‘माझी कंबर ३४’ म्हणतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटाने शोधा, दोन्हींच्या बरोबर मधे पट्टी ठेवा. पट्टी चारही बाजूंनी आडवी, अंगाला लागलेली पण रुतलेली नाही. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. नाडी सैल करायला लावा. बायकांचं माप बाईनेच, आडोशाला घ्यावं.

तपासा: एकाच माणसाचं माप दोनदा घ्या. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

एक प्रश्न वेगळा विचारायचा: गरोदरपणात साखर वाढली होती का? ज्यांचं उत्तर ‘हो’ त्यांना गुण कितीही असोत, तपासणीला पाठवा. अशा बायका तिशीतही नसतात म्हणून प्रत्येक यादीतून गळतात.

टप्पा ४: साखर तपासणी

उपाशीपोटी म्हणजे निदान ८ तास पाण्याशिवाय काही नाही. ‘नुसता कोरा चहा घेतला’ म्हणजे उपाशी नाही. तंबाखू-मिश्रीही त्या सकाळी टाळायला सांगा.

ग्लुकोमीटर वापरताना:

१. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. केळी सोलून किंवा आंबा चोखून आलेल्या बोटावर साखर असते आणि आकडा भलताच चढतो.
२. बोटाच्या कडेला टोचा, मधोमध नको. पिळून रक्त काढू नका.
३. सुई माणसागणिक नवी. घरी एकट्याने वापरायचं टोचणीचं पेन गटात फिरवायचं नाही, नुसती सुई बदलूनही नाही. वापरलेल्या सुया जाड, न भोसकणाऱ्या डब्यात टाका आणि डबा उपकेंद्रात द्या.
४. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या डबीवर भरवसा ठेवू नका.

उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा पुढे म्हणजे मधुमेहाची शक्यता. जेवणानंतर कधीही तपासलेली साखर १४० किंवा जास्त निघाली तर उपाशीपोटीच्या तपासणीला पाठवा. बोटाचा आकडा फक्त चाळणी आहे, निदान प्रयोगशाळेत होतं. लक्षणं नसतील तर एका अहवालावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा होते.

सावधान: ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, सातपुड्याच्या पट्ट्यात आंधळेपणाने वापरू नका. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आढळतो, आणि त्यात हा आकडा फसवा निघू शकतो. रक्तात लोह कमी असलेल्या बाईचा आकडा उगाच चढा येऊ शकतो. सिकलसेलचं कार्ड किंवा अशक्तपणा असेल तर ते चिठ्ठीवर लिहा, म्हणजे डॉक्टर उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज पाजून करायची तपासणी निवडतील.

टप्पा ५: सल्ला देण्याआधी घर मोजा

पहिल्या दोन आठवड्यांत काहीच बदलायला सांगायचं नाही, फक्त मोजायचं. हा टप्पा गाळला की पुढचं सगळं हवेत जातं, आणि गाळला हाच जातो, कारण मोजायला कंटाळा येतो.

*तेल.* डब्यावर किंवा बरणीवर चिकटपट्टी लावून आजची पातळी आणि तारीख लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे माणशी महिन्याला सुमारे ८०० ग्रॅम, चौघांना सव्वातीन किलो. या हिशेबाने १५ किलोचा डबा चौघांच्या घरी साडेचार महिने पुरायला हवा. तुमच्या गटात तो किती दिवसांत संपतो हे त्यांनीच मोठ्याने सांगू द्या. बाहेरची भजी, वेफर्स आणि शेव यांतलं तेल या हिशेबात आलेलंच नाही, हेही तेव्हाच सांगा.

*साखर.* घरचा चमचा काट्यावर तोला. ५ मिलीचा सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅम भरतो, शीग लावून ६-७. सपाट दोन चमचे, दिवसात चार चहा: ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली चांगली मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची आहे, तीही दिवसभरातली सगळी वरची साखर धरून. चौघांच्या घरात नुसत्या चहावर महिन्याला पावणेचार किलोच्या पुढे साखर जाते.

*पीठ.* भाकरी करण्याआधी परात काट्यावर ठेवून पीठ तोला, मग भाकऱ्या मोजा आणि भागा. गावाकडची भाकरी बहुतेक वेळा ७० ते १०० ग्रॅम पिठाची असते, शहरातल्या तक्त्यातली ३० ग्रॅमची नव्हे. म्हणूनच छापील तक्त्यातला ‘दोन भाकऱ्या’ हा सल्ला आपल्याकडे निरर्थक ठरतो. त्याच २००० कॅलरींच्या ताटात दिवसाचं धान्य २५० ग्रॅम आहे. रात्री तीन मोठ्या भाकऱ्या खाणाऱ्याचं ते एका बैठकीत संपतं. अर्थात दिवसभर निंदणी-फवारणी करणाऱ्याला २००० कॅलरी पुरत नाहीत, त्याचं धान्य तोडायला जाऊ नका.

*शेव, पापड, बिस्किटं, वेफर्स.* महिन्याचं किराणा बिल वहीत चिकटवा. बोलण्यापेक्षा बिल खरं बोलतं.

सावधान: ज्या घरात माणसं मुळातच बारीक आहेत, मुलं वजनात मागे आहेत, तिथे ‘कमी खा’ हे वाक्य वापरायचंच नाही. धडगाव-अक्कलकुव्यातल्या कितीतरी घरांत प्रश्न डाळ, भाजी, अंडी, दूध वाढवण्याचा आहे. बारीक माणसालाही मधुमेह होतो. त्याला उपाशी ठेवून तो टळत नाही.

टप्पा ६: एका वेळी एकच बदल, आणि हंडी एकच

‘बाबांसाठी वेगळं पथ्याचं’ असं शिजायला लागलं की ते महिनाभर टिकतं. बदल सगळ्यांच्या भांड्यात करायचा. दोन आठवड्यांना एक, आणि सोपा आधी.

पहिला बदल चहाचा. साखर प्रत्येक आठवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवा. एकदम बंद केली की लोक दुसऱ्याच्या घरी जाऊन पितात. गुळाचा चहा हा उतारा नाही, गूळही साखरच. मधाचंही तेच.

दुसरा फोडणीचा. तेलाची धार बंद, पळीऐवजी चमचा. आठवड्याचं तेल काढून वेगळ्या बाटलीत भरा आणि त्यातच भागवायचं. शेवभाजीत तेल निम्मं केलं तर कांदा-खोबरं कोरडं भाजून वाटणात घ्या, काळ्या मसाल्याची चव जात नाही. शेव ताटात शेवटी टाका, मुठीने नाही, वाटीने. त्याच रश्श्यात मोडाची मटकी घातली तर शेव निम्म्यावर येते. भरीत ही आपल्याकडची उत्तम भाजी आहे, वांगं निखाऱ्यावर भाजलेलं. बिघडवते ती वरची अर्धी वाटी तेलाची फोडणी. किलोभर वांग्यांना तीन मोठे चमचे पुरतात.

तिसरा ताटाचा. भाजी-कोशिंबीर निम्मं ताट, वरण किंवा उसळ पाव, भाकरी पाव. आधी भाजी-वरणाचे चार घास, मग भाकरी. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. भाकरी कुस्करून रश्श्यात भिजवली की किती खाल्ली ते कळत नाही, म्हणून निदान सुरुवातीला तोडून खायला सांगा. ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी नुसत्या ज्वारीपेक्षा चांगली, तिच्यात डाळ आलेली असते. रोज पोळी आणि भात दोन्ही वाढत असाल तर एका वेळी एक. वरण-बट्टी महिन्यातून एखाद्या वेळी ठीक, पण बट्टी तळण्याऐवजी भाजलेली, आणि त्या दिवशी भात नाही.

चौथा मधल्या वेळचा. फरसाण, टोस्ट, खारीऐवजी फुटाणे, भाजके शेंगदाणे मूठभर, काकडी, उकडलेली तूर किंवा हरभरा.

केळीबद्दल वेगळं सांगावं लागतं. केळीपट्ट्यात उभं राहून ‘केळी बंद’ म्हणणाऱ्याचं पुढचं कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरही नाही. मोठ्या केळ्याचा गर सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरतो, त्यात ३० ते ३५ ग्रॅम पिष्ट आणि साखर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या भाकरीइतकं. मधुमेह नसलेल्याने दिवसाला एक केळं खावं. काठावरच्याने अर्धं ते एक लहान, जेवणावर नव्हे तर मधल्या वेळी. साखर घातलेलं शिकरण, मिल्कशेक आणि वेफर्स हा निराळा मामला आहे, त्यांना फळ म्हणू नका.

आमरस एक लहान वाटी, बिनसाखरेचा, आणि त्या बदल्यात एक पोळी कमी. रस आणि पुरणपोळी एकाच ताटात नको.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डाळी-फळांचा हा सल्ला लागू नाही. त्यांना डॉक्टरांचा आहार.

टप्पा ७: हालचाल

‘आम्ही शेतात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?’ हा प्रश्न येणारच. वही उघडून महिने विचारा. वेचणीत तो खरा असतो. फेब्रुवारी ते मे ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि ओट्यावरच्या गप्पा, हेही खरं असतं. व्यायाम त्या महिन्यांसाठी.

आठवड्याला किमान १५० मिनिटं: पाच दिवस, रोज ३० मिनिटं झपाझप चालणं. वेग बरोबर आहे का? बोलता यावं, पण आखाजीचं गाणं म्हणता येऊ नये. गाता येतंय म्हणजे ती रमतगमत फेरी. सुरुवात १० मिनिटांनी, दर आठवड्याला ५ वाढवा. रात्री जेवल्यावर १० मिनिटं चालणं सगळ्यांना सांगा, जेवणानंतर चढणारी साखर त्याने उतरते.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काम: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १०, टाचा उचलणं १५, पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं १०. दोन फेऱ्या पुरेत. नुसतं चालणाऱ्यांकडून हे कायम राहून जातं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. साडेपाच ते सात, किंवा अंधार पडल्यावर, पाणी पिऊन. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर चालणं होत नाही, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या. बायकांसाठी टोळी करा आणि दिवे असलेला रस्ता निवडा. एकट्या बाईला ‘पहाटे चालायला जा’ हा सल्ला कागदावरच राहतो.

थांबा: चालताना छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर तिथेच थांबून दवाखाना. साखरेची औषधं घेणाऱ्याला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. पायावर जखम असलेल्याने चालणं सुरू करू नये, आणि अनवाणी कुणीच नाही.

टप्पा ८: सण आणि लग्नं

आखाजी, कानबाई, पोळा टाळता येत नाहीत आणि टाळायलाही नकोत. सणाच्या आधीच्या बैठकीत प्रत्येकाने ठरवून यायचं: काय खाणार, किती, आणि त्या दिवशी काय सोडणार. पुरणपोळी दीड खाल्ली, तर चहा दिवसभर बिनसाखरेचा. श्रावणातल्या उपासाला साबुदाण्याऐवजी भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी. साबुदाण्याची ताटभर खिचडी हा उपास पोटाला हलका नाही, साखरेला तर मुळीच नाही.

टप्पा ९: पाठपुरावा

आठ आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला एक बैठक, निदान सहा महिने. दर बैठकीत वजन, महिन्याला कंबर, दर महिन्याच्या एक तारखेला तेल-साखरेचा हिशेब. आकडे ज्याचे त्याच्या वहीत. वजनाची यादी भिंतीवर लावली की पुढच्या वेळी जड माणसं येत नाहीत.

जाड माणसांसाठी लक्ष्य वजनाच्या ५ ते ७ टक्के: ७० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत साडेतीन ते पाच किलो. यापेक्षा घाई नको. आणि काही न करता वजन भराभर उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर कौतुक करू नका, त्याच आठवड्यात साखर तपासा.

अपेक्षाही खऱ्या ठेवा. भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, आहार-व्यायामाच्या सल्ल्याने काठावरच्या लोकांमधली मधुमेहाची जोखीम तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटली. म्हणजे सगळं नीट करूनही काहींना मधुमेह होईल. हे आधीच सांगितलेलं बरं, नाही तर ते माणूस स्वतःला दोष देत गट सोडतं.

काठावरच्यांची प्रयोगशाळेतली तपासणी वर्षातून एकदा. त्यांची नावं आणि पुढची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्याची एक प्रत आशाताईंकडे द्या. सलग दोन बैठका चुकलेल्या घरी फोन न करता जाऊन या. किराणा भरणारं माणूस बदललं असेल, सून बाळंतपणाला माहेरी गेली असेल, तर तेलाच्या डब्यावरची चिकटपट्टी नव्या माणसाच्या हाताने पुन्हा लावून घ्या.